छेदी कोणाचा माणूस?

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गाळ साचतो तसे ते साचतात. रोज चिमूटभर. झाकण उघडून आत डोकावलं की कळतं, अरे, बराच झाला की!

मी बोलणारा माणूस नाही. संध्याकाळी काशीच्या ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर आम्ही चौघे-पाचजण बसतो, त्यात मी ऐकणारा. पण परवा एकाने विचारलं, "नाना, तुमच्या युनियनचं ते काय झालं होतं हो?" मी सांगायला लागलो. दिवेलागण झाली, पलीकडची आरती आटोपली, तरी संपेना. म्हणून आता लिहूनच काढतो.

शहराच्या पाणीखात्यात मी चावीवाला होतो. चावी म्हणजे छातीएवढी उंच लोखंडी सळई, वर आडवी मूठ. गल्लीतलं झाकण उघडायचं, चावी खाली सोडायची, फिरवायची, की त्या गल्लीला पाणी. मी कायम नोकरीतला. माझ्यामागून आले ते बहुतेक ठेक्यावरचे. काम तेच, चावी तीच, पाणी गंगेचंच. फरक एवढाच की हा माणूस कोणाचा, खात्याचा की ठेकेदाराचा. पुढचं सगळं रामायण ह्या एका प्रश्नावरून झालं.

बोलणी सगळी हिंदीत झाली, अर्धी तर चक्क बनारसीत. मी आपली घरच्या मराठीत सांगतो.

*

आमचा छेदी. संकठा घाटाच्या वरच्या गल्ल्यांचा चावीवाला. ठेक्यावरचा. काटकुळा, हसरा, चालताना सळई खांद्यावर अशी टाकायचा की जणू बासरीच आहे.

एकदा एक खोल चेंबर साफ करायचं निघालं. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, "उतर."

छेदीने वाकून पाहिलं. म्हणाला, "आत वास मारतोय. दोर नाही, गमबूट नाही. दोर आणा, लगेच उतरतो."

सुपरवायझर म्हणाला, "नखरे करतोस? तुझा बाप बिनदोराचा उतरायचा!"

छेदी म्हणाला, "म्हणून तर दोर मागतोय."

त्याचा बाप कसा गेला ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सुपरवायझरलाही होतं. त्याने छेदीला कामावरून काढून टाकलं!

छेदीला परत घ्या, एवढीच आमची मागणी. बाकी जे वाढलं ते आपोआप वाढलं.

*

मागणी करायची तर युनियन पाहिजे. आमचे तिवारीजी पंपावर होते. आवाज असा की माईक बंद पडला तर माईकलाच विश्रांती मिळाल्यासारखं वाटावं. ते म्हणाले, "कायद्याने सात माणसं पुरतात. आपण तर कितीतरी आहोत. कायमचे आणि ठेक्यावरचे, सगळे एकत्र!"

सभा झाली. तिवारीजी महामंत्री, हे कोणी ठरवायच्या आतच ठरलं होतं. अध्यक्ष सर्वात वयस्कर माणसाला केलं. आता उरले बाकीचे. बनारसमध्ये माणूस पान खाऊन थुंकायला उठला तरी लोक त्याला 'नेताजी' म्हणतात. नुसता सभासद व्हायला कोण तयार होणार! एक म्हणाला, "मी उपाध्यक्ष." दुसरा म्हणाला, "मग मी काय कमी आहे का, गुरु?"

शेवटी तिवारीजींनी तोडगा काढला. सगळेच उपाध्यक्ष! छेदीसुद्धा. 'उपाध्यक्ष छेदीलाल' ऐकून तो इतका लाजला की सभा संपेपर्यंत खांबाआड उभा राहिला.

"पण साधा सभासद कोणीतरी लागेल ना?" अध्यक्षांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. मी नाहीच बोलत सहसा. ते होकार समजले.

तेव्हापासून युनियनची सगळी भाषणं मला उद्देशून व्हायची. "मित्रहो," म्हणून तिवारीजी सुरुवात करायचे आणि बोट माझ्याकडे! ठराव मांडला की सगळे उपाध्यक्ष माझ्या हाताकडे बघायचे. मी हात वर केला की ठराव एकमताने मंजूर.

एकदा मला ताप आला. सभेला जमलेल्यांना तिवारीजींनी गेटवरूनच परत पाठवलं. "आज सभा नाही. सर्वसाधारण सभेला ताप आलाय!"

*

पहिलं शिष्टमंडळ मोठ्या साहेबांकडे गेलं. साहेब खात्याचे इंजिनियर, बनारसचेच, संकठा घाटावरच्या जुन्या मोहल्ल्यातल्या वडिलोपार्जित घरात आईबरोबर राहणारे. माणूस वाईट नव्हता. फक्त कुठल्याही प्रश्नाला आधी 'नाही' म्हणून मग प्रश्न ऐकायची सवय.

"छेदी? तो आमचा माणूसच नाही," साहेब म्हणाले. "ठेकेदाराचा आहे. त्याच्याशी बोला. आणि तुमच्या युनियनशी बोलायला मी बांधील नाही."

आम्ही ठेकेदाराकडे गेलो. तो पान लावून घेत होता. म्हणाला, "छेदी माझा? अहो, साहेब सांगतील त्याला ठेवतो, साहेब सांगतील त्याला काढतो. मी नुसता मध्ये उभा आहे."

आम्ही पुन्हा साहेबांकडे. साहेब म्हणाले, ठेकेदार. पुन्हा ठेकेदाराकडे. आता ठेकेदार वैतागला. पान तोंडात असल्यामुळे मान वर करून ओरडला, "माझा नाही! साहेबांचा नाही! महादेवाचा आहे तो! काशीत सगळे महादेवाचेच!"

तिवारीजींनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून, गंध लावून ते छेदीला घेऊन गल्लीतल्या शंकराच्या देवळात गेले आणि मागणीपत्र पिंडीसमोर ठेवलं. पुजाऱ्याने विचारलं, "हे काय?" तिवारीजी म्हणाले, "मालक सापडला. त्यांच्याशी वाटाघाटी चालू आहेत."

पुजाऱ्याने दोघांच्या हातावर एकेक पेढा ठेवला.

मी देवळाबाहेर थांबलो होतो. छेदी बाहेर आला आणि पेढ्याकडे बघत म्हणाला, "नाना, खरं सांगू? आजवरच्या मालकांत हेच बरे. निदान रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही."

*

छेदीला काढलं खरं, पण पाणी कोणी सोडायचं?

ठेकेदाराने दुसरा माणूस पाठवला. तो पहाटे गल्लीत गेला तर झाकणावर सांड बसलेला. हा सांड तिथला जुना रहिवासी. लोक त्याला 'दरोगाजी', म्हणजे फौजदारसाहेब, म्हणायचे. नव्या माणसाने आधी हाकललं, मग दगड दाखवला. दरोगाजी उठले, पण झाकणावरून बाजूला व्हायला नाही, त्याच्या मागे लागायला! तो माणूस जो पळाला तो ठेकेदाराच्या ऑफिसातच थांबला आणि नोकरी सोडूनच बाहेर पडला.

तोवर बायका कळश्या घेऊन छेदीच्या दाराशी. "अरे छेदिया, पाणी कुठंय?"

छेदी म्हणाला, "मला काढलंय, चाची."

"तुला काढलंय ना? पाण्याला तर नाही काढलं?"

छेदी गेला. दरोगाजींच्या कानामागे खाजवलं, कानात काहीतरी बोलला, दरोगाजी उठून दोन हात पलीकडे जाऊन बसले. छेदीने चावी फिरवली. आणि मग रोजच गेला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. नोकरी नाही, पगार नाही, हजेरी नाही. पण पाणी चुकलं नाही.

मी त्याला एकदा म्हटलं, "छेदी, अरे, असं फुकट काम करून आपलाच दावा कच्चा करतोयस."

"काय करू नाना," तो म्हणाला, "वेळ झाली की हात उठतो."

त्याची बायको सुगनी मात्र माझ्याकडे येऊन रडली. मुलीसाठी मिर्झापूरचं स्थळ आलं होतं. मंडळी चांगली होती. त्यांनी विचारलं, वडील काय करतात? सुगनीला खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना. ती म्हणाली, "पाण्याचं काम करतात." ते म्हणाले, "नोकरी आहे ना?" सुगनी चहा आणायला म्हणून आत गेली ती बाहेरच आली नाही.

"भैयाजी," ती मला म्हणाली, "रोज कामाला जाणाऱ्या माणसाला नोकरी नाही, हे मी कुठल्या तोंडाने समजावू?"

मी तिला पाणी दिलं. तेही छेदीनेच सोडलेलं.

*

तिवारीजी म्हणाले, "आता आंदोलन! पण संप लगेच नको. आधी नियमानुसार काम!"

म्हणजे कामं करायची, पण नियमात लिहिलंय तसंच, शब्दशः. रेल्वेत म्हणे असं केलं की गाड्या लटकतात, बँकेत केलं की रांगा लागतात. तिवारीजींना खात्री, पाणीखातं तर दोन दिवसांत गुडघ्यावर येईल.

नियमांचं जुनं पुस्तक काढलं. वामनकाकांनी ते मोठ्याने वाचलं. वामनकाका आमच्यातलेच, म्हणजे मराठी, ब्रह्मा घाटावरचे, तक्रारीच्या खिडकीवर बसायचे. पुस्तकात काय काय होतं! व्हॉल्व्ह ठरलेल्या वेळीच उघडावा. पूर्ण उघडावा. गळती दिसल्यास त्याच दिवशी दुरुस्त करावी. तक्रार आल्यास समक्ष जाऊन पाहावं. तक्रारदाराशी सौजन्याने बोलावं!

आम्ही सगळं तसंच केलं. अगदी कडक.

आठवडा गेला नाही तोच वरच्या मजल्यांवर पाणी चढायला लागलं! वर्षानुवर्षं कोरड्या नळांतून फुसफुस आवाज येऊन धार लागली. एक म्हातारे गृहस्थ तर नळ बंदच करेनात. म्हणाले, "थांबा, वडिलांच्या वेळेनंतर आजच बघतोय."

मोहल्ल्याची सभा भरली आणि त्यांनी सत्कार ठरवला. कोणाचा? साहेबांचा! शाल, श्रीफळ, झेंडूचा हार. साहेब भाषणात म्हणाले, "कडक प्रशासन असलं की काय होऊ शकतं, ते आपण पाहतोच आहोत."

आम्ही मागच्या रांगेत होतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सौजन्याने वागायचं हा नियम असल्यामुळे तिवारीजींनाही वाजवाव्या लागल्या.

*

मग मात्र गेटवर बसलो. गेट मीटिंग. साहेबांनी पोलीस बोलावले. एक हवालदार आले, पोट सांभाळत. काठी टेकून उभे राहिले. तिवारीजींचं भाषण चालू, "संघटना हा आमचा हक्क आहे! मालकाला समोर बसवून बोलणं हा आमचा हक्क आहे!"

हवालदार ऐकत राहिले. थोड्या वेळाने माझ्याजवळ येऊन टेकले. हळूच म्हणाले, "चांगलं बोलतात हो. आम्हाला बाकी युनियन करायची परवानगी नाही."

"हो का?" मी म्हटलं.

"म्हणून जिथे दुसऱ्यांची असते तिथली ड्यूटी मी मागून घेतो. तेवढंच ऐकायला मिळतं." मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "तुमच्या मागण्यांत एक घालता येईल का? गेटवर उन्हात उभं राहावं लागतं. एखादं पत्र्याचं छप्पर."

मी तिवारीजींना सांगितलं. तिवारीजींचं मन मोठं. मागणीपत्रात शेवटची ओळ वाढवली : बंदोबस्तावरील पोलीस बांधवांना सावली द्यावी.

साहेबांनी मागणीपत्र वाचलं. छेदी, नामंजूर. दोर आणि गमबूट, विचाराधीन. युनियनशी बोलणी, नामंजूर. पोलिसांना छप्पर, तात्काळ मंजूर!

दोन दिवसांत छप्पर उभं राहिलं. आमच्या युनियनचा तो पहिला विजय. आम्ही उन्हात, हवालदार सावलीत. ते आम्हाला दर अर्ध्या तासाने म्हणायचे, "या ना, थोडा वेळ इकडे बसा. तुमचंच आहे!"

*

आता उरला संप. एक दिवसाचा, लाक्षणिक. पाणी बंद करायचं नाही, हे आधीच ठरलं. पाणी तोडलं तर पहिल्या शिव्या आपापल्या घरातच! बिलाची खिडकी, तक्रारीची खिडकी, ऑफिस, एवढंच बंद. छेदी म्हणाला, "मी काय करू?" तिवारीजी म्हणाले, "तू काय करणार? संपावर जायला आधी नोकरी लागते."

संपाची आगाऊ नोटीस कायद्याने दिली. पण तिवारीजींनी मुहूर्तही काढला होता. गेटवर जाहीर केलं, "भादो बदी पंचमीला, संप!"

वामनकाका त्या दिवशी रजेवर. कोणीतरी त्यांच्या घरी फोन केला. काकूंनी घेतला. "भाद्रपद वद्य पंचमी? बरं, बरं," म्हणाल्या आणि पुण्याहून येणाऱ्या कॅलेंडरवर त्या चौकटीत टिकली लावून ठेवली.

आता हे आमच्या काशीतल्या मराठी घरांचं जुनंच त्रांगडं. इकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्या घरी अमावस्येला. त्यांचा भादो बदी म्हणजे आपला श्रावण वद्य. पिढ्यान् पिढ्या गंगेकाठी गेल्या, पण घरातला महिना दक्षिणेतलाच राहिला. बाहेर वावरताना काका बरोबर हिशेब जुळवायचे. पण निरोप घरात आला होता, आणि घरात काकूंचं कॅलेंडर.

संपाच्या सकाळी आम्ही सगळे गेटवर. घोषणा चालू. बघतो तर वामनकाका डबा घेऊन, छत्री काखेत, शांतपणे येतायत. त्यांना वाटलं, नेहमीची गेट मीटिंग. त्यांनीही मूठ वर करून आमच्याबरोबर दोनदा "मुर्दाबाद" म्हटलं, आणि आत कामावर गेले!

तिवारीजींचा आवाज पहिल्यांदाच बसलेला मी पाहिला. "नाना, हे... हे तुमचे काका गद्दार निघाले?"

मी आत जाऊन खिडकीत वाकून म्हटलं, "काका, अहो, आज संप आहे."

काका चष्म्यावरून म्हणाले, "आज कुठला? अजून महिना आहे की! हिला विचार."

सगळ्या खात्यात तेवढी एकच खिडकी उघडी होती. संध्याकाळी साहेबांनी वर कळवलं, संप संपूर्णपणे फसला, नागरिकांच्या तक्रारी नियमित स्वीकारल्या गेल्या.

*

काकांना फार लागलं ते. महिनाभर कोणी त्यांच्याशी धड बोललं नाही. आणि मग काकूंच्या कॅलेंडरवरची टिकली आली.

त्या दिवशी काका सकाळीच चटई घेऊन गेटवर येऊन बसले. एकटे! शुभ्र धोतर, उपरणं, कपाळाला गंध. समोर पाटी, संप.

हवालदार छपराखालून धावत आले. "पंडितजी, संप तर झाला!"

"तुमचा झाला. माझा आज आहे."

साहेबांनी घरून निरोप पाठवला, नोटीस कुठे आहे? काकांनी उलट निरोप पाठवला, "भाद्रपद वद्य पंचमीची नोटीस मागच्या महिन्यातच दिलीय. तुम्ही सगळे लवकर समजलात, त्याला मी काय करू?"

आता गोष्ट अशी की भाद्रपद वद्य म्हणजे पितृपक्ष. सगळ्या घाटांवर पिंडदानाची गर्दी. आणि नेमकं त्याच दिवशी साहेबांच्या घरी त्यांच्या वडिलांचं श्राद्ध. कोणीतरी साहेबांच्या आईंच्या कानावर घातलं, की तुमच्या मुलाच्या गेटवर ब्राह्मण उपाशी बसलाय.

आई म्हातारी, पण आवाज खणखणीत. साहेबांना म्हणाल्या, "घरात बापाचं पान वाढतोस आणि दारात ब्राह्मण उपाशी? काय खाऊन जातील तुझे वडील, माझे अश्रू?"

साहेब स्वतः गेटवर आले. गाडीतून नाही, चालत. हात जोडले. "महाराज, घरी जेवायला चला."

काका म्हणाले, "येणं बरं नाही. संपावरचा माणूस मालकाच्या घरी जेवत नाही."

"मग काय केलं तर याल?"

"आमच्या युनियनशी बोलायला बसा. छेदीच्या बाबतीत. श्रम खात्याच्या अधिकाऱ्यांसमोर."

साहेब इकडेतिकडे बघायला लागले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आईच असणार, कारण साहेब नुसतं "हो, हो, आणतोय" म्हणत होते. फोन ठेवून म्हणाले, "बसतो. लिहून देतो. आता चला."

साहेबांनी तिथेच, हवालदाराच्या छपराखाली, कागदावर सही केली. जे आमच्या घोषणांनी, सभांनी, नियमानुसार कामाने झालं नव्हतं ते काकांनी केलं. साहेबांनी आम्हाला 'युनियन' म्हणून लिहिलं!

संध्याकाळी मी काकांना घाटावर गाठलं. "काका, दुपारपर्यंत उपाशी बसलात, त्रास झाला असेल."

"उपाशी?" काका म्हणाले. "हिने सकाळी फोडणीची पोळी दिली होती. दोन वेळा घेतली. मी उपाशी आहे असं मी कधी म्हटलं? कोणी विचारलंच नाही."

मग म्हणाले, "साहेबांकडची खीर बाकी पातळ होती."

*

मग तो दिवस आला. श्रम कार्यालय. वरच्या मजल्यावर एक लांब टेबल. मध्ये श्रम खात्याच्या मॅडम. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून समेट घडवायचा, हे त्यांचं काम. तरुण होत्या, बोलणं कमी, लिहिणं जास्त. एका बाजूला साहेब आणि ठेकेदार. दुसऱ्या बाजूला तिवारीजी, वामनकाका, मी, आणि सगळ्यात टोकाला खुर्चीच्या काठावर बसलेला छेदी. सुगनीने त्याला इस्त्रीचा शर्ट घालून पाठवलं होतं. मिर्झापूरवाल्यांनी अजून 'नाही' कळवलेलं नव्हतं, हे तिने मला जिन्यात सांगितलं आणि ती खाली थांबली.

बैठक दुपारची होती. साहेब उशिरा आले. मग ठेकेदाराचे कागद सापडेनात. मग वीज गेली. मग चहा. उन्हं खिडकीतून सरकत सरकत पलीकडच्या भिंतीवर गेली. छेदी दर थोड्या वेळाने भिंतीकडे बघायचा. एकदा त्याने शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मॅडम, मी जरा जाऊन येऊ? लगेच येतो."

"बसा," मॅडम म्हणाल्या. "तुमचाच विषय चालू आहे."

तो बसला. पाय मात्र हलत राहिला.

साहेबांनी घसा साफ केला. "मॅडम, माझं म्हणणं थोडक्यात आहे. हा माणूस आमचा नाही. आता ठेकेदाराचाही नाही. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. ह्याला काढल्यापासून त्या गल्ल्यांत एक दिवस पाणी चुकलेलं नाही. एक वेळसुद्धा नाही! म्हणजेच ह्या माणसाची गरज नव्हती, हे सिद्ध होतं."

तिवारीजी उठले. मॅडमनी नुसता हात दाखवला. तिवारीजी बसले.

"पाणी चुकलेलं नाही," मॅडम लिहीत म्हणाल्या. "मग सोडतं कोण?"

"व्यवस्था आहे," साहेब म्हणाले.

"व्यवस्थेचं नाव काय?"

साहेबांनी ठेकेदाराकडे पाहिलं. ठेकेदाराने छताकडे पाहिलं. वामनकाकांनी उपरण्याने चष्मा पुसायला घेतला.

आणि साहेबांचा फोन वाजला. त्यांनी घाईने बंद करायला बोट लावलं ते भलतीकडेच लागलं आणि आईंचा आवाज सगळ्या खोलीत खणखणला.

"अरे, पाणी नाही आलं! आजवर कधी असं झालं नाही! सगळी गल्ली कळश्या घेऊन उभी आहे! आणि छेदिया कुठे उलथलाय?"

साहेबांनी फोन छातीशी धरला. तरी ऐकू येतच होतं. ते टेबलावरून पुढे वाकले आणि अगदी हळू, आमच्या टोकाकडे बघून म्हणाले, "छेदी, जा. सोडून ये पटकन."

छेदी ताडकन उठला. सवयच ती. खुर्ची सरकवून दारापर्यंत गेलासुद्धा. उंबऱ्याशी थांबला. मागे वळला, हात जोडले.

"जातो साहेब," म्हणाला. "पण कोण म्हणून जाऊ?"

साहेबांच्या छातीशी धरलेल्या फोनमधून आवाज आला, "कोण? छेदियाच ना तो? तिथे बसवून काय ठेवलंयस त्याला? कामावर पाठव त्याला आधी!"

मॅडमनी पेन कागदावर टेकवलं आणि साहेबांकडे पाहिलं.

"हे लिहू?"